बघून घेईन

निकाल काय लागला, हे मला धारूरमध्ये जो तो विचारतो. भाजी घेताना विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात. सिंगापूरची बाई कुणाच्या बाजूनं बोलली, दुबईवाले शेवटी नमले का? मी सांगते, माणसं मान डोलावून पुढे जातात. सुनावणीच्या दिवशी मला किती भीती वाटली, हे मात्र एकानंही विचारलं नाही. निकाल काय, तो कागदावर आहे. भीतीचं मलाच सांगावं लागेल.

माझे यजमान मृत्युंजय. बाजारात आमचं पिढीजात भुसार मालाचं दुकान. शेजारच्या गावचे तानाजी म्हणजे मोठे जमीनदार, राजकारणातले, सगळ्या पट्ट्यात त्यांचा शब्द चालतो. दोघांनी मिळून सीताफळाचा गर काढायचा कारखाना टाकला. डोंगरउतारावरचं फळ तानाजींनी शेतकऱ्यांकडून गोळा करायचं, आणि आमच्या ह्यांनी त्याचा गर काढून, गोठवून, दुबईच्या एका आइस्क्रीम कंपनीला पाठवायचा. चांगलं चाललं होतं. तानाजी ह्यांना आप्पा म्हणायचे, हे त्यांना तानाजीराव. त्यांची बायको रोहिणी आणि मी संक्रांतीला एकमेकींकडे वाण घेऊन जायचो, आणि नवऱ्यांची यथेच्छ टिंगल करायचो.

मग एका हंगामात गेलेला माल दुबईत उघडला, तर गर काळा पडलेला. कंपनीनं हात वर केले. म्हणाले, माल तुमच्याकडूनच नासका आला, आम्ही घेणार नाही. झालं. तानाजी म्हणाले, ह्यांनी मशिनी बंद ठेवल्या म्हणून नासला. हे म्हणाले, फळच किडकं दिलं. दोघं दुबईशी भांडायचं सोडून एकमेकांशी भांडायला लागले, कारण दुबई लांब आहे आणि शेजारचं गाव जवळ.

आठवडी बाजाराच्या दिवशी तानाजी टेम्पोवर उभे राहून माईकवर बोलले. फळ दिलेले शेतकरी समोर होते, चिडलेले होते. "मशिनी बंद ठिवल्या ह्यानं. गर नासवला ह्यानं. त्या मृत्युंजयला मी बघून घेईन. बीड जिल्ह्यात कुटंबी असू दे, बघून घेईन." कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते आमच्या स्वयंपाकघरात पोचलं. माझ्या सासूबाईंनी, उमाबाईंनी, ते माझ्या हातातला मोबाइल ओढून घेऊन पाहिलं आणि खालीच बसल्या. मला तर धमकीपेक्षा एका गोष्टीचीच जास्त भीती वाटली. आप्पा गेलं होतं. नुसतं मृत्युंजय राहिलं होतं.

'बघून घेईन' म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ज्याला तो शब्द ऐकवतात, तो माणूस दुसऱ्या दिवसापासून रस्ता बदलून जातो. कारखान्याच्या फाटकावर दगड पडले. एका सकाळी आमच्या गाडीची चाकं चिरलेली सापडली. पोलिसांनी विचारलं, कुणी केलं, नाव सांगा. नाव सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच तोंडातून निघत नव्हतं. तानाजींच्या जीपचा आवाज मला इतका पाठ झाला, की ती वळणावर असतानाच मी खिडकीशी जायचे. हे दुकानातून यायला जरा उशीर झाला की उमाबाई दारात जाऊन उभ्या राहायच्या आणि मी त्यांच्यामागे.

आमचे हेही काही कमी नव्हते. शहाण्या माणसानं गप्प बसावं, तर ह्यांनी मोबाइलच्या स्टेटसला ठेवलं, 'किडकं फळ देणारे आता भाषणं देतात.' मी इतकी संतापले, की दोन दिवस ह्यांना नुसती भाकरी आणि चटणी वाढली.

दुबईवाल्यांशी केलेल्या कराराच्या शेवटच्या पानावर एक कलम होतं. वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, सिंगापूरच्या लवादापुढे जायचं. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेला पंच. सही करताना दोघं त्यावर हसले होते, म्हणाले होते, भांडण झालं तर निदान सिंगापूर बघायला मिळेल. आता माझा मावसभाऊ केदारनाथ, जो पुण्यात वकील आहे, त्यानं ते कलम बाहेर काढलं आणि दोघांच्या कंपनीच्या वतीनं दावा लावला. सिंगापूर काही दिसणार नव्हतं. सुनावणी व्हिडिओवर होती. पण साक्ष द्यायला दोघांनी एका खोलीत, एका कॅमेऱ्यासमोर, एका बाजूला बसायचं होतं.

"एका खोलीत?" मी विचारलं.

"कंपनी एकच आहे ना, प्रणिताताई," केदारनाथ म्हणाला. "दुबईवाल्यांना फक्त एवढंच हवंय, की ह्यांनी तानाजीरावांकडे बोट दाखवावं, नाहीतर तानाजीरावांनी ह्यांच्याकडे. कुणीही कुणाकडे दाखवलं तरी माल इथेच नासला हे सिद्ध झालं. मग उठा आणि घरी जा."

इथे दीड-दोन वर्षं दोघांनी बोट दाखवण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

तानाजी धारूरला यायला तयार नव्हते आणि आम्ही त्यांच्या गावात पाय ठेवणार नव्हतो. शेवटी बीडला एक मंगल कार्यालय घेतलं, कारण तिथे इंटरनेट होतं आणि लग्नाची तारीख नव्हती. तिथेही पहिलं भांडण खोल्यांवरून झालं. दोन बाजूंना बसायला दोन खोल्या, एकीवर लिहिलेलं 'वरपक्ष', दुसरीवर 'वधूपक्ष'. वधूपक्षात बसायला कुणी तयार होईना. मला त्या क्षणी दोघांच्या कानशिलात ओढावीशी वाटली. शेवटी दोन्ही खोल्यांना कुलूप लागलं आणि सगळे जेवणाच्या हॉलमध्ये बसलो.

समोर मोठा पडदा. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई, तीच लवाद. एका चौकटीत दुबईवाल्यांचा वकील. आणि एक आवाज, चेहरा नाही, नुसता आवाज, दुभाषी मुलीचा. ती इकडचं इंग्रजीत आणि तिकडचं मराठीत करून सांगायची, शाळेतल्या धड्यासारख्या मराठीत. मी आणि रोहिणी मागच्या खुर्च्यांवर, मध्ये एक खुर्ची सोडून. इतक्या दिवसांनी तिला जवळून पाहत होते. ती वाळली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं होतं भीती फक्त आमच्या घरात आहे. तिचं ते बोट पांढरं पडेपर्यंत गुंडाळलेलं पाहून कळलं, की तिकडेही आहे. माझा नवरा मरेल म्हणून मी भ्यायले होते, तिचा तुरुंगात जाईल म्हणून ती.

आधी ह्यांची साक्ष. खरं बोलेन अशी शपथ घ्यायला सांगितली, तेव्हा ह्यांचा हात शर्टावरून गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला. दुबईच्या वकिलानं ह्यांचं ते स्टेटस पडद्यावर आणलं. ती अक्षरं एवढी मोठी झालेली पाहून मला लाज वाटली.

"हे तुम्ही लिहिलं आहे का?" दुभाषी मुलीनं विचारलं.

"होय."

"म्हणजे फळ किडकं होतं?"

तानाजी शेजारीच होते, हाताच्या अंतरावर. ते ह्यांच्याकडे बघत नव्हते, समोर बघत होते, पण त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला मागून दिसत होती.

"नाही," हे म्हणाले. "फळ मी स्वतः उतरवून घेतलं. फोडून पाहिलं. फळ लई चांगलं होतं. ते मी रागात लिहिलं."

तानाजींनी मान वळवली. पहिल्यांदा. ह्यांच्याकडे असं पाहिलं, की मला त्यातलं काहीच कळेना, आणि न कळण्यानं मी आणखी घाबरले. हे घरीही मला असं कधी बोलले नव्हते. मी तरी कुठे विचारलं होतं?

मग तानाजींची पाळी. वकिलानं बाजाराच्या दिवसाचं भाषण लावलं. मंगल कार्यालयाच्या स्पीकरवर तो आवाज घुमला, 'मशिनी बंद ठिवल्या ह्यानं'.

"मशिनी बंद होत्या, हे तुम्ही पाहिलं होतं का?"

"मी कारखान्यात गेलतोच न्हाई त्या दिसात," तानाजी सावकाश म्हणाले. "लोकं म्हणत होती. मी बी म्हणलो."

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"न्हाई. माईत नव्हतं."

वकिलाचा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं, सुटलो. पण ती पांढऱ्या केसांची बाई चष्मा लावून कागद वाचत होती. दुबईवाल्यांनी भाषणाचं इंग्रजी करून जोडलं होतं, तेच वाचत होती. तिनं काहीतरी विचारलं. दुभाषी मुलगी थांबली. मग तिनं तोलून तोलून सांगितलं, "लवाद महोदया म्हणतात, त्याच भाषणात पुढे असं वाक्य आहे, की बीड जिल्ह्यात मृत्युंजय कुठेही असले, तरी तुम्ही त्यांची काळजी घ्याल. एवढा आरोप केल्यावर तुम्ही त्यांची काळजी घेण्याचं वचन का दिलंत, हे त्यांना समजून घ्यायचं आहे."

कुठल्या शहाण्यानं ते भाषांतर केलं होतं देव जाणे. बघून घेईन म्हणजे काळजी घेईन! रडावं की हसावं, मला कळेना. रोहिणीनं मधल्या खुर्चीवरून हात पुढे करून माझं मनगट धरलं. तिची बोटं गार होती.

केदारनाथ गोरामोरा झाला. तो उठून इंग्रजीत म्हणाला, की ह्या भाषांतराबद्दल त्याला शंका आहे, ह्या शब्दाचा दुसराही अर्थ होतो. एवढा प्रामाणिकपणा कुणी सांगितला होता ह्याला? मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. दुबईचा वकील लगेच सावरून बसला. त्याला वास आला होता. तानाजी म्हणाले असते, की होय, मी धमकीच दिली होती, तर तो म्हणणारच होता, माणसाला जिवे मारायला निघालात, म्हणजे त्यानंच माल नासवला ही तुमची खात्री होती.

बाईनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"लवाद महोदया म्हणतात," तो आवाज आला, "शब्दाचा अर्थ वकिलांनी सांगू नये. ज्यांनी शब्द वापरला, त्यांनी सांगावा. तानाजीराव, तुमच्या मनात काय होतं?"

आता मला वाटतं, हा प्रश्न आमच्याकडे कुणीच विचारू शकलं नसतं. पोलीस नाही, सरपंच नाही, उमाबाई नाही, मी नाही. आम्हाला सगळ्यांना अर्थ माहीत होता ना. जिला काहीच माहीत नव्हतं, जिच्यापर्यंत आमच्याकडचा दगड पोचू शकत नव्हता, तिनंच तो विचारला. पण त्या वेळी मला हे सुचलं नाही. त्या वेळी मी फक्त तानाजींच्या पाठीकडे बघत होते.

मग त्यांनी खुर्ची फिरवली, पूर्ण, ह्यांच्याकडे तोंड करून.

"काळजी घेईन, आसंच," ते म्हणाले.

"आणि आजही तुमचं तेच म्हणणं आहे?"

"आजबी तेच हाय." डोळे ह्यांच्यावर. "बघून घेईन."

तोच आवाज. बाजारातलाच. दुभाषी मुलगी क्षणभर अडखळली आणि तिनं ते इंग्रजीत केलं. बाईनं मान हलवून लिहून घेतलं. मी खुर्चीला खिळून बसले. शपथेवर, कॅमेऱ्यासमोर, सगळ्यांच्या देखत ह्या माणसानं तीच धमकी पुन्हा दिली होती की दुसरं काही? मला सांगता येईना. ह्यांनाही येत नसावं, कारण ह्यांच्या कपाळावर घाम होता.

सुनावणी संपली. मी बाहेर आले तर तानाजी जीपशेजारी उभे राहून फोन लावत होते. लावायचे, कानाला धरायचे, बंद करायचे, पुन्हा लावायचे. आमच्याकडे बघून त्यांनी पाठ फिरवली. कुणाला लावतोय हा?

रोहिणी पायऱ्यांवर माझ्या जवळून गेली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, आज बीडातच ऱ्हावा."

"कावून?"

"उगं. म्हणलं." आणि ती भराभर निघून गेली.

मी ह्यांना सांगितलं. पाया पडायचंच बाकी ठेवलं. केदारनाथ पुण्याला निघून गेला होता. हे म्हणाले, "आई एकटी आहे घरी. आपण गेलो नाही तर ती दारातच उभी राहील." ते खरं होतं. उमाबाई पहाटेपर्यंतही उभ्या राहिल्या असत्या. निघालो.

वडवणी गेलं, तेलगाव गेलं. दिवस मावळायला आला होता. तेलगावच्या पुढे मी मागे वळून पाहिलं आणि मला पांढरी जीप दिसली.

"अहो, मागे."

"दिसली," हे म्हणाले. ह्यांनी वेग वाढवला. जीपनंही वाढवला. पुढे धारूरचा घाट. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, रस्ता एवढासा, आणि मोबाइलला रेंज नाही. मी तरी फोन हातात धरून बसले होते. पहिल्या वळणावर जीपनं दिव्यांची उघडझाप केली. दुसऱ्यावर हॉर्न वाजवायला सुरुवात केली, सोडेचना. मी आयुष्यात कधी घेतली नव्हती एवढी देवाची नावं घेतली. मग रस्ता जरा रुंद झाला, तिथे जीप आमच्या अंगाला घासून पुढे गेली आणि आडवी थांबली.

ह्यांनी ब्रेक मारला. तानाजी खाली उतरले. हे दार उघडायला गेले, तर मी ह्यांची बाही दोन्ही हातांनी धरली, शिवण उसवली तरी सोडली नाही. "उतरू नका. तुम्हाला माझी शपथ आहे."

तानाजी काचेशी आले. हात रिकामे होते. ते मी आधी पाहिलं.

"आप्पा," ते म्हणाले, "काच खाली घ्या."

आप्पा! ह्यांनी काच खाली घेतली.

"म्होरं तिसऱ्या वळणावर म्हाळू हाय, पोरं घिऊन. टॅक्टर आडवा लावलाय." ते धापा टाकत होते. "सकाळी मीच सांगून निगालतो. मगापून फोन लावतोय, लागंना. घाटात कुटं लागतोय. म्हणून आलो."

म्हाळू म्हणजे त्यांचा पुतण्या. आमच्या गाडीची चाकं चिरणारा, असं सगळा गाव म्हणायचा. म्हणजे मी जे महिनोनमहिने भीत होते, ते खरोखरच आजच्यासाठी ठरलं होतं. वरच्या वळणावर उभं होतं. आणि ते ठरवणारा माणूस आमच्या खिडकीत वाकून आम्हाला ते सांगत होता.

ह्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"फळ चांगलं होतं म्हणलाव तुमी," तानाजी म्हणाले.

"होतंच चांगलं."

"मग इतके दिस कावून न्हाई म्हणला?"

"तुम्ही इचारलं कुठं?" ह्यांचा आवाज फाटला. "तुम्ही तर थेट टेम्पोवर चढलाव."

तानाजींनी जीपकडे हात केला आणि रोहिणी उतरून आली. "हिला तुमच्या गाडीत घ्या. मी म्होरं ऱ्हातो. माझ्या गाडीला धरून चला, अंतर सोडू नका."

मी मागे बसायला लागले, तर रोहिणी म्हणाली, "हां ताई, तुमी मागंच बसा. मी म्होरं बसते. माझं तोंड दिसाय पायजे त्येंला." तिनं पुढच्या सीटवर बसून डोक्यावरचा पदर मागे सारला आणि आतला दिवा लावला. मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिसऱ्या वळणावर ट्रॅक्टर होता. रस्त्यावर दगड लावलेले. सात-आठ पोरं, तोंडं रुमालानं बांधलेली, हातात काठ्या, एकाकडे लोखंडी पाइप. जीप पाहून ती बाजूला झाली आणि आमची गाडी पाहून पुढे आली. तानाजी उतरेपर्यंत एक जण आमच्या बोनेटपाशी पोचला आणि त्यानं काठी उगारली. मी ओरडले असेन, मला आठवत नाही.

"म्हाळ्या!" रोहिणी काच खाली करून किंचाळली. "मी हाय आत!"

काठी तशीच वर राहिली. रुमालाच्या वर दोन डोळे, गोंधळलेले. "काकी? तुमी ह्येंच्या गाडीत कावून?"

"खाली घे ती," मागून तानाजींचा आवाज आला. "टॅक्टर काढ बे."

"काका, तुमीच सकाळी म्हणलाव, आज बघून घ्यायचं म्हणून."

"मग काय करायलोय? बघूनच घ्यायलोय." तानाजींनी त्याच्या हातातली काठी घेतली आणि दरीत फेकली. "दगडं बाजूला घ्या. समदी."

पोरं हलेनात. काही क्षण असे गेले, की मला वाटलं आता हे तानाजींचंही ऐकणार नाहीत. माणसाला इतके दिवस चढवून ठेवायचं आणि मग एका शब्दात उतर म्हणायचं, तो उतरतो का लगेच? मग तानाजी स्वतः वाकले. तो पांढऱ्या कडक कपड्यातला माणूस, ज्याच्या गळ्यात लोक हार घालतात, तो रस्त्यावर वाकून दगड उचलायला लागला. एक दगड कठड्याकडे नेऊन ठेवला, दुसरा उचलला. त्यावर म्हाळूनं तोंडाचा रुमाल सोडला आणि तोही वाकला. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मला रडू फुटलं. रोहिणी आधीच रडत होती.

उरलेला घाट आम्ही जीपच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघत चढलो. किल्ल्याची भिंत दिसली, मग बाजार, मग आमची गल्ली. जीप आमच्या दारापर्यंत आली.

उमाबाई दारात होत्याच. जीपचा आवाज त्यांनाही पाठ होता. जीप थांबलेली पाहिली आणि त्यांनी दाराची चौकट धरली. मागची आमची गाडी त्यांना दिसलीच नव्हती. त्यांनी फक्त तानाजींना उतरताना पाहिलं. असा चेहरा मी माणसाचा कधी पाहिला नाही, पुन्हा बघायचाही नाही.

"काय केलंस रे?" त्या म्हणाल्या. "काय केलंस माझ्या लेकराचं?"

तानाजी बाजूला झाले. मागून हे गाडीतून उतरत होते, उसवलेल्या बाहीनं. तानाजींनी ह्यांच्या दंडाला धरून ह्यांना पुढे आणलं, दिव्याच्या उजेडात उभं केलं आणि दुकानात माल पोचवणारा माणूस म्हणतो तसं म्हणाले, "आणलाय, काकू. बघून घ्या."

उमाबाईंनी बघून घेतलं. ह्यांचं डोकं, कान, गाल, खांदे, दोन्ही हात, एकेक बोट. सगळं चाचपून झाल्यावर पुन्हा डोक्यापासून सुरू केलं. तानाजी तोवर जायला वळले नाहीत, खाली मान घालून उभे होते.